सात नंबरच्या बाटलीचा उत्कलनबिंदू

कॉलेजात होतो म्हटलं की लोक विचारतात, "काय शिकवायचात?" मी सांगतो, "शिकवत नव्हतो, तापवत होतो." समोरचा हसतो आणि विषय बदलतो. पण त्यात खोटं काही नाही. ऐंशीच्या दशकात मी जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. या सगळ्या काळात मी एक काम सर्वांत जास्त वेळा केलं असेल, ते म्हणजे एखादा द्रव तापवून तो नेमका किती अंशांना उकळतो ते बघणं. पुस्तकात याला उत्कलनबिंदू म्हणतात. एवढ्या एका गोष्टीपायी आयुष्य घालवल्याचं मला अजून तरी वाईट वाटलेलं नाही.

आमचे शिपाई नाना धुळ्याकडचे. नवीन होते तेव्हा रसायनांच्या कपाटासमोर उभे राहून त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हाई बठ्ठं पानीसारखं दखास. कोनतं काय शे, तुमले कसं समजस?"

सगळं पाण्यासारखंच दिसतं, मग कोणतं काय ते कळतं कसं? नानांनी अहिराणीतल्या दोन वाक्यांत आमच्या शास्त्राचं मूळ धरलं होतं. कपाटातल्या निम्म्या बाटल्यांत पाण्यासारखेच रंगहीन द्रव. लेबल निघालं की सगळे सारखे. पण प्रत्येक शुद्ध द्रव आपापल्या ठरलेल्या तापमानाला उकळतो. ॲसिटोन छप्पन्नला, बेन्झिन ऐंशीला, टोल्युईन एकशे अकराला. उकळायला लागला की जाळ कितीही वाढवा, पारा तिथून हलत नाही. आणि द्रवात भेसळ असेल तर तो एका आकड्यावर थांबत नाही, वर वर सरकत राहतो. माणसांबाबतही अशी काही सोय असती तर किती बरं झालं असतं, असं मला कॉलेजच्या मीटिंगमध्ये बसल्यावर नेहमी वाटायचं.

मोजायची पद्धत साधी आहे, पण हात बसावा लागतो. बोटाएवढी काचेची नळी घ्यायची, तिच्यात पाच-सात थेंब द्रव. त्या द्रवात केसासारखी बारीक केशनळी सोडायची. तिचं वरचं तोंड वितळवून बंद केलेलं, खालचं उघडं. ही नळी थर्मामीटरच्या पाऱ्याच्या गोळ्याशेजारी दोऱ्यानं बांधायची आणि दोन्ही मिळून तेलात बुडवायची. तेलाच्या नळीला कपाच्या कानासारखा एक कान असतो. जाळ त्या कानाला द्यायचा, म्हणजे तेल आपोआप फिरतं. थोड्या वेळानं केशनळीच्या तोंडातून एक बुडबुडा येतो. मग दुसरा. मग मण्यांची माळ तुटल्यासारखे भराभर येतात. इथेच नवशिके फसतात आणि आकडा लिहून मोकळे होतात. खरं म्हणजे इथे जाळ काढून घ्यायचा आणि गप्प बसायचं. बुडबुडे मंदावतात, थांबतात, आणि एका क्षणी द्रव हळूच केशनळीत वर शिरतो. त्या क्षणी पारा जिथे असेल तो उत्कलनबिंदू. हजारो वेळा बघूनही द्रव आत शिरताना माझा श्वास थोडा थांबायचाच.

आमच्या खानदेशच्या हवेत या कामाच्या आणखी वेगळ्या गमती. ईथर नावाचा द्रव पस्तिसाला उकळतो. आणि आमचा एप्रिल असतो बेचाळीसचा. एकदा पुण्याकडचे एक परीक्षक आले. त्यांनी परीक्षेत द्यायच्या पदार्थांच्या यादीत ईथर टाकलं. मी भीतभीत म्हणालो, "सर, आपल्याकडे सध्या तो द्रव राहत नाही." त्यांना वाटलं, मी कामचुकारपणा करतोय. ईथरची बाटली आम्ही ओल्या गोणपाटात गुंडाळून माठात ठेवायचो. ती काढून मी त्यांच्या समोरच्या नळीत थोडं ओतलं. उन्हानं तापलेली ती काच. ईथर तिथल्या तिथे उकळलं, ना बर्नर ना तेल. परीक्षक नळीकडे बघत राहिले, मग यादी मागून घेऊन त्यांनी ईथरवर काट मारली. जाताना मात्र म्हणाले, "तुम्ही लोक इथे राहता कसे?" याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नाही.

दुसरी गंमत तोरणमाळची. बी.एस्सी.ची सहल तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या त्या डोंगरावर गेली होती. दुपारी डाळ शिजेना. स्वयंपाकी जळगावच्या डाळमिलवाल्यांच्या नावानं शंख करायला लागला, "जुनी डाळ गळ्यात मारली." माझ्या पिशवीत सवयीप्रमाणे थर्मामीटर होतंच. मी पातेल्याशेजारी उकळणाऱ्या साध्या पाण्यात ते धरलं. शहाण्णव! मुलं गोळा झाली. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं आणि उकळलं तरी पुरेसं तापलेलं नसतं, हे वर्गात सगळ्यांनी लिहून घेतलं होतं. पण भूक लागल्यावर ते पहिल्यांदा कळलं. एका मुलानं विचारलं, "मग जळगावात शंभरला उकळतं का?" मी म्हणालो, "परत गेल्यावर बघू." गेल्यावर बघितलं तर नव्याण्णव. जळगावही समुद्रावर नाहीच. त्या दिवसापासून मी माझ्या वहीत प्रत्येक द्रवाचा 'जळगाव आकडा' वेगळा लिहायला लागलो. टोल्युईन पुस्तकात एकशे अकरा, जळगावात एकशे नऊच्या आसपास. विभागप्रमुखांना ती वही दाखवली तर म्हणाले, "छान. पण परीक्षेत पुस्तकातलाच आकडा चालतो."

हे वाक्य नीट ध्यानात घ्या, कारण मला जे सांगायचंय ते याच्याच आसपास घडलं.

परीक्षेत विद्यार्थ्याला नंबर टाकलेल्या बाटलीतला द्रव मिळायचा आणि तो कोणता हे ओळखायचं असायचं. रीत अशी की आधी चाचण्या, मग उत्कलनबिंदू, मग नाव. प्रत्यक्षात उलटं चालायचं. मुलं नळीला नाक लावायची. वासावरून नाव ठरवायची, नावावरून पुस्तकातला आकडा आठवायची, आणि तो आकडा थर्मामीटर वाचल्याच्या आविर्भावात लिहायची. थर्मामीटर नुसतं देखाव्याला. बेन्झिनसारख्या द्रवांचा वास घेणं किती वाईट ते आता सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा आम्ही अत्तरवाल्याच्या दुकानात बसल्यासारखे हुंगायचो. मुलांच्या या नाकबाजीला मी भरपूर नावं ठेवायचो. "नाकावर विश्वास ठेवणाऱ्यानं भजीचं दुकान टाकावं," हे माझं ठरलेलं वाक्य.

आणखी एक रीत होती, ती मात्र माझी स्वतःची. रसायनं वर्षातून एकदा यायची आणि पुरवून पुरवून वापरावी लागायची. म्हणून सराव संपला की मुलांच्या नळ्यांत उरलेले न वापरलेले द्रव मी परत ज्याच्या त्याच्या बाटलीत ओतायचो. नळ्यांच्या स्टँडवर नंबर असत, त्यामुळे चूक व्हायची नाही. ही काटकसर बघून विभागप्रमुख माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

तेव्हा तिसऱ्या वर्षाला नसीम नावाची मुलगी होती. वडील जळगावातच स्टोव्ह दुरुस्त करायचे. त्यामुळे असेल, पण जाळ कमीजास्त करण्यात तिच्या हाताला तोड नव्हती. बाकीची मुलं तेल भडाभडा तापवायची, हिचा पारा मिनिटाला दोन अंश, शिस्तीत वर जायचा. बोलणं कमी. तिला एम.एस्सी.ला धुळ्याला जायचं होतं, तिथे तिची खाला, म्हणजे मावशी, राहायची. वडिलांनी शब्द दिला होता की पहिला वर्ग आला तर पाठवतो, नाहीतर शिक्षण पुरे. लेखी पेपर तिचे बरे गेले होते. पहिला वर्ग प्रात्यक्षिकाच्या मार्कांवर अडला होता. हे तिनं मला नाही, नानांना सांगितलं होतं. नानांना सगळे सगळं सांगायचे.

माझंही त्या वर्षी एक अडलं होतं. मी तोवर तात्पुरताच होतो आणि जूनमध्ये मला कायम करायचं घाटत होतं.

प्रात्यक्षिक परीक्षेचे परीक्षक बाहेरगावचे, वयस्कर, कडक इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट. सात नंबरच्या बाटलीत टोल्युईन होतं आणि ते सहा जणांना मिळालं. पाच जणांनी तासाभरात एकशे अकरा लिहून टाकलं. सहावी नसीम. तिनं मला हात केला.

"भाऊ, थर्मामीटर बदलून देता का? हे बिघडलंय."

मी ते उकळत्या पाण्यात धरून बघितलं. नव्याण्णव. ठणठणीत होतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"आकडा थांबत नाही. पहिल्यांदा पंच्याण्णव आला. तेच थेंब पुन्हा तापवले तर अठ्ठ्याण्णव. आत्ता एकशे एक."

मी तिची नळी उचलली आणि, खोटं कशाला सांगू, नाकाशी नेली. माझी नजर बाटल्यांच्या कपाटाकडे गेली. मागच्या आठवड्यात सरावाच्या शेवटच्या दिवशी नाना कुणाच्या तरी लग्नाला धुळ्याला गेले होते. नळ्या मीच आवरल्या. कुणीतरी दोन स्टँड एकमेकांवर उलथवले होते, नंबर कळत नव्हते. तेव्हा हे भजीचं दुकान मीच टाकलं होतं. एकेक नळी हुंगली आणि वासावरून बाटल्यांत ओतली. बेन्झिन आणि टोल्युईन यांचे वास सख्ख्या भावांसारखे. सात नंबरच्या बाटलीत मी बेन्झिनच्या नळ्या रिकाम्या केल्या होत्या. ते मिश्रण तापवलं की लवकर उकळणारं बेन्झिन आधी उडून जाणार, उरलेल्यात टोल्युईन वाढत जाणार, आणि आकडा दर वेळी वर सरकणार. मुलीचं काम अगदी बिनचूक होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक बाटलीचा आकडा मी स्वतः तपासायचो, तेवढं त्या वर्षी केलं नाही. एवढ्या वर्षांत कधी चूक झाली नव्हती ना!

मी तिला दुसरं थर्मामीटर दिलं.

परीक्षक तिच्या टेबलाशी आले. वही बघून म्हणाले, "हे काय? पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव, एकशे एक? भाव सांगताय का?"

"सर, आकडा थांबत नाही."

"आकडा थांबत नाही की तुमचा हात? याच बाटलीतून पाच जणांना एकशे अकरा आला. तुम्हालाच वेगळं मिळालं होय? तुम्हाला दहा मिनिटं देतो. पुन्हा करा आणि नीट लिहा. नाहीतर मी याला मार्क देऊ शकणार नाही."

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. शेजारच्या टेबलावर त्या पाचांतला रावेरकडचा पाटील होता, केळीच्या बागाईतदाराचा मुलगा, मनानं चांगला. तो दबक्या आवाजात म्हणाला, "अवं नसीम, लिही ना एकशे अकरा. टोल्युईन हाये ते. मले तं बाटली उघडल्याबरोबर समजलं."

नसीमनं नकाराची मान हलवली. तेच उरलेले थेंब, नवी केशनळी, नवं थर्मामीटर. तिनं दोरा बांधला. मी तीन हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. सर, चूक बाटलीत आहे आणि ती माझी आहे. मी ते मनात चारदा म्हटलं. विभागप्रमुख दाराशी खुर्ची टाकून बसले होते, त्यांच्यासमोर म्हणायचं म्हणजे जूनचं विसरून जायचं. घरी बायकोला मी आधीच सांगून बसलो होतो की आता कायम झालोच समज. मी मेजावरचा एक डाग फडक्यानं पुसत होतो. तो डाग मेजाच्या लाकडातलाच होता, निघणारा नव्हता. बुडबुडे सुटले, थांबले, द्रव आत शिरला. नसीमनं वाकून पारा बघितला.

एकशे तीन. तिनं वहीत एकशे तीन लिहिलं आणि खाली लिहिलं, 'हा शुद्ध पदार्थ वाटत नाही.'

दहा मिनिटं संपली. परीक्षकांनी वही हातात घेतली, खिशातलं लाल पेन काढलं आणि टोपण उघडलं. तेव्हा कुठे माझा आवाज फुटला.

"सर, बाटलीत भेसळ आहे. मी केलेली आहे."

सगळी प्रयोगशाळा माझ्याकडे बघायला लागली. मी नळ्यांचं, वासाचं, सगळं सांगितलं. विभागप्रमुख उठून उभे राहिले. मला वाटलं, परीक्षक आता ओरडणार. पण त्यांनी पेन खिशाला लावलं, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं आणि नसीमच्या स्टुलावर बसले.

"केशनळी द्या," ते म्हणाले. "बघू."

त्यांनी बाटलीतून ताजे थेंब घेतले. दोरा बांधताना गाठ दोनदा सुटली. "बारा-पंधरा वर्षं झाली हे स्वतः करून," असं पुटपुटलेही. पण जाळ धरल्यावर माणूस बदलला. नाक जवळजवळ काचेला लावून बसले होते. द्रव केशनळीत शिरला तसे ते अर्धवट उठलेच. "चौऱ्याण्णव!" मग तेच थेंब पुन्हा तापवले. "सत्त्याण्णव! अहो, सरकतोय खरंच!" लहान मूल जत्रेत रमावं तसे ते तीनदा तापवत बसले आणि परीक्षा चालू आहे हे आम्हा सगळ्यांना विसरायला झालं.

मग त्यांनी त्या पाच जणांना बोलावलं. "तुमचा एकशे अकरा कुठून आला?" मी नव्या, सीलबंद बाटलीतलं टोल्युईन काढून दिलं. परीक्षकांनी स्वतः मोजलं. एकशे नऊ. ते माझ्याकडे वळले, तेव्हा मी जळगाव आकड्यांची माझी वही समोर ठेवली. त्यांनी पानं उलटली. मग पाटलाला म्हणाले, "म्हणजे शुद्ध असतं तरी तुम्हाला एकशे अकरा मिळाला नसता. पुस्तकाला हवा लागत नाही, बाळ." पाचही जणांना दुपारी पुन्हा बसवलं. पाटलाला त्या दिवशी पहिल्यांदा केशनळीत द्रव शिरताना दिसला. बाहेर येऊन मला म्हणाला, "भाऊ, लई भारी दिसतं हो ते. तीन वर्षांत कधी पाह्यलंच नव्हतं." मला त्याचा राग येईना. मीच त्याला तीन वर्षं ते बघायला लावलं नव्हतं.

मला मेमो मिळाला. कायम होणं वर्षभर लांबलं. उरलेलं परत ओतण्याची रीत त्या दिवसापासून बंद केली. थेंब थेंब वाया गेला तरी चालेल. बायको आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, आणि तिचंही काही चुकलं असं मला वाटत नाही.

निकालानंतर नसीम आणि तिचे वडील पेढे घेऊन प्रयोगशाळेत आले. वडील दारातूनच म्हणाले, "भाई, पोरीला पैला वर्ग मिळाला. मी जबान दिली होती, आता धुळ्याला सोडायला चाललो." ते नानांशी स्टोव्हच्या पिनांबद्दल बोलायला लागले. नसीम एकटी माझ्या टेबलाशी आली. मला राहवेना.

"नसीम, तुला एक सांगायचंय. मला तुझी नळी हातात घेतल्याबरोबर कळलं होतं. तरी मी गप्प बसलो. तू चौथ्यांदा तापवत होतीस तेव्हा मी नुसता मेज पुसत होतो."

"माहीत आहे, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही वास घेतला आणि बाटल्यांच्या कपाटाकडे बघितलं, तेव्हाच मला समजलं."

"मग परीक्षकांना सांगितलं का नाहीस? तुझं धुळं गेलं असतं."

टेबलावर कुणीतरी विसरलेली केशनळी होती, ती उचलून तिनं नीट डब्यात ठेवली.

"नाना म्हणाले होते, जूनमध्ये भाऊ कायम होणार आहेत. माझी परीक्षा ऑक्टोबरमध्ये परत आली असती. तुमची नोकरी परत आली असती का?"

वडिलांनी हाक मारली आणि ती गेली. त्या दहा मिनिटांत आम्ही दोघंही माझ्याच नोकरीचा विचार करत होतो.